पॅट्रिक डार्सी (१५९८–१६६८): २१ प्रश्न आणि तारखांचा घोळ

गोदाकाठ_वाचक
नाशिकच्या आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात आयरिश वकील आणि राजकारणी पॅट्रिक डार्सीवर वीस मिनिटं बोलायचंय. समोर बहुतेक वकील आणि लॉची मुलं असतील. गाडी अडलीय ती इथे: आयरिश संसदेने न्यायाधीशांना घातलेल्या २१ प्रश्नांची तारीख कुठे फेब्रुवारी १६४० तर कुठे फेब्रुवारी १६४१ दिलीय. कॅथलिक माणूस त्या काळात वकील आणि खासदार कसा झाला, हेही कळत नाही. ‘इंग्लंडचा कायदा आयर्लंडला लागू नाही’ असा त्याचा मुद्दा एका वाक्यात सांगितला तर चालेल का? आणि एका ठिकाणी त्याने तोफा आणि विजेवर संशोधन केल्याचं वाचलं, ते काय प्रकरण?

जुनी_सनद
शेवटचं आधी. तो वेगळा माणूस. शेव्हालिए पॅट्रिक डार्सी (१७२५–१७७९) हाही गॉलवेचाच, पण फ्रेंच सैन्यातला गणितज्ञ. नुसतं नाव टाकून शोधलं की दोघांची खिचडी होते. सोबत ‘१६४१’ किंवा ‘किल्केनी’ टाका.

तारखेत चूक कुणाचीच नाही. तेव्हा इंग्लंड-आयर्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून आपल्या हिशेबाने १६४१ चा फेब्रुवारी त्यांच्या कागदात १६४० चाच. स्लाइडवर १६४०/४१ लिहा. डार्सीच्या भाषणाच्या तारखेला, ९ जून १६४१ ला, हा घोळ लागू नाही. दहा दिवस मिळवून तारखा आजच्या कॅलेंडरमध्ये बसवायला जाऊ नका. इतिहासाची पुस्तकं दिवस जुनाच ठेवतात, तुमचा कुठेच जुळणार नाही.

पंचवटी_ॲडव्होकेट
१५४२ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये वकिली करायची तर आधी लंडनच्या एखाद्या इनमध्ये, म्हणजे वकील घडवणाऱ्या संस्थेत, राहणं भाग होतं. डार्सी १६१७ मध्ये त्यातल्याच मिडल टेंपलला गेला. अडचण पुढे होती. राजाला धर्मप्रमुख मानणारी ‘सुप्रीमसी’ची शपथ कॅथलिक घेऊ शकत नव्हते. १६२८ मध्ये राजाने ‘ग्रेसेस’ नावाच्या ५१ सवलती कबूल केल्या, त्यात वकिलांना साध्या राजनिष्ठेच्या शपथेवर काम करू देण्याची एक होती. फुकट नाही, तीन हप्त्यांत १,२०,००० पौंड! आयरिश संसदेत बसायला मात्र ती शपथ तेव्हा सक्तीची नव्हती, म्हणून १६३४ ला तो नेव्हनचा सदस्य होऊ शकला. ‘कॅथलिकांना सगळीच दारं बंद’ हे चित्र १६९१ नंतरचं, ते मागे ढकलू नका.

तुमचं एक वाक्य मात्र चालणार नाही. इंग्लंडचा कॉमन लॉ, म्हणजे रूढी आणि निवाड्यांतून घडलेला कायदा, त्याला हवाच होता, सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. नको होता तो वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे इंग्लंडच्या, संसदेचा हात. तिथला कायदा आयरिश संसदेने स्वतः मंजूर केल्याशिवाय आयर्लंडवर बंधनकारक नाही, एवढंच तो म्हणतो. राजा दोघांचा एकच, हेही त्याला मान्य. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वापरलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

इथे पॉइनिंग्ज कायद्यावर हमखास घसरायला होतं. ड्रॉहेडाच्या १४९४-९५ च्या संसदेत दोन वेगळी कामं झाली. एक, आयरिश विधेयकाला आधी इंग्लंडहून मंजुरी. दुसरं, तोवरचे इंग्लिश कायदे आयर्लंडने स्वीकारले. ‘पॉइनिंग्ज’ म्हणतात तो पहिला. दुसरा उलट डार्सीच्या कामाचा: इंग्लिश कायदे आपोआप लागू होत असते तर ते स्वीकारायला वेगळा कायदा कशाला लागला असता?

सातपूर_इतिहास
सुरुवात जन्मापासून करू नका, १६३५ पासून करा. लॉर्ड डेप्युटी, म्हणजे आयर्लंडमधला राजाचा प्रतिनिधी, वेंटवर्थला पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताची जमीन राजाच्या नावावर करून तिथे नवी वसाहत बसवायची होती. आधार काय, तर डी बर्ग घराण्याचा तीन-चारशे वर्षांपूर्वीचा हक्क वारशाने राजाकडे आला. नाशिकच्या श्रोत्यांना इनाम कमिशन आठवेल, जुने कागद काढून आजच्या कब्जेदाराला उठवायचं. साठ वर्षांच्या वहिवाटीला संरक्षण हे ग्रेसेसमधलं कलम वेंटवर्थने १६३४ ला कायद्यात येऊच दिलं नव्हतं.

रॉसकॉमन, स्लायगो, मेयो इथल्या ज्युरींनी राजाचा हक्क मान्य केला. गॉलवेच्या ज्युरीने पोर्टम्ना इथे मात्र नकार दिला. दंड प्रत्येकी ४,००० पौंड, आणि ज्युरी निवडणाऱ्या शेरीफला १,०००. शेरीफ मार्टिन डार्सी म्हणजे पॅट्रिकचा थोरला भाऊ. तो १६३६ मध्ये कैदेतच वारला. राजाकडे दाद मागायला गेलेल्या शिष्टमंडळात पॅट्रिक होता.

आता २१ प्रश्न वाचा. आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने (कॉमन्स) ते वरिष्ठ सभागृहामार्फत (लॉर्ड्स) न्यायाधीशांना घातले. पहिलाच: इथली प्रजा स्वतंत्र आहे का, आणि तिच्यावर फक्त कॉमन लॉ आणि या राज्यात लागू असलेले कायदे चालतात का? पुढे शांततेच्या काळात लष्करी कायदा, मक्तेदाऱ्या, जमिनीचे दावे कौन्सिलपुढे चालवणं, आणि निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येते का, हेही. या पुढच्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं तर वेंटवर्थचा कारभार बेकायदा. ‘हो’ म्हटलं तर न्यायाधीश स्वतःच्या शपथेत अडकतात. त्यांनी मे महिन्यात गुळमुळीत उत्तरं दिली, आणि ती खोडायला ९ जूनला डब्लिन कॅसलमध्ये डार्सी उभा राहिला. वीसपैकी दहा मिनिटं इथे द्या. ते भाषण वॉटरफोर्डला टॉमस बर्कने १६४३ मध्ये छापलं. मूळ वाचायचं तर लॅटिन आणि कायद्यातल्या फ्रेंचचे तुकडे मधे येतात, पहिल्या वाचनात ते सोडून पुढे जा.

नंतरचं दोन मिनिटांत उरका. किल्केनीच्या कॅथलिक कॉन्फेडरेशनच्या, म्हणजे आयरिश कॅथलिकांनी उभ्या केलेल्या सरकारच्या, राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्यांत तो होता. राजाच्या बाजूच्या ऑर्मंडशी तहाची बोलणी, क्रॉमवेलच्या विजयानंतर जमीन गेली, राजेशाही परतल्यावर पुन्हा वकिली. १६६८ ला डब्लिनमध्ये मृत्यू, दफन किलकॉनेलला.

गोदाकाठ_वाचक
धन्यवाद सगळ्यांना. लंडनच्या इनवरून सावरकरांचा उल्लेख केला तर?

पंचवटी_ॲडव्होकेट
करा, पण जपून. भगूरहून गेलेल्या सावरकरांना ग्रेज् इनने १९०९ मध्ये सनद नाकारली ती राजकारणामुळे. डार्सीच्या पिढीची अडचण शपथेची होती. आणि एकदा सावरकर निघाले की नाशिकमध्ये प्रश्नोत्तरं डार्सीकडे परत येत नाहीत, तेव्हा तो उल्लेख अगदी शेवटी ठेवा.