१२५ केव्हीए डिझेल जनरेटर सेट बिनलोड हंटिंग करतो (स्पीड सतत वर-खाली होतो), लोडवर शांत. गव्हर्नर (स्पीड राखणारी यंत्रणा) कुठून ट्यून करावा?

क्रँकशाफ्ट: १५०० आरपीएम, इनलाइन डिझेल पंप, त्याचा लिव्हर हलवणारा २४ व्होल्ट रोटरी अ‍ॅक्च्युएटर. कंट्रोलरवर स्पीड, गेन (प्रतिसाद किती जोरात), स्टॅबिलिटी (स्पीड किती लवकर जागेवर येतो), ड्रूप (लोडबरोबर स्पीड किती उतरू द्यायचा) हे पेच आहेत. बिनलोड ४९ ते ५१ हर्ट्झ, सेकंदाला साधारण एक हेलकावा. निम्मा लोड आला की काटा गप्प. गेन कमी केला तर हंटिंग थांबतं, पण लोड टाकल्यावर ४६ पर्यंत पडतो आणि परत यायला सहा-सात सेकंद घेतो. दोन्ही कसं साधायचं?

रॅकआणिरॉड: पेचांना सध्या हात लावू नका. लोडवर स्थिर आणि बिनलोड अस्थिर, म्हणजे संशय लिंकेजवर, अ‍ॅक्च्युएटर आणि पंप जोडणाऱ्या रॉड-लिव्हरवर. बिनलोड इंजिनला डिझेल अगदी थोडं लागतं, त्यामुळे तिथे रॅक (पंपातली डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) केसभर हलली तरी स्पीड बदलतो. म्हणून बिनलोडला अ‍ॅक्च्युएटरचा लिव्हर आणि रॉड यांच्यातला कोन लहान ठेवायचा, फुल लोडला तो ९० अंशांच्या जवळ यावा. मग बिनलोडला एका अंशामागे रॅक कमी सरकते. तुमच्याकडे उलटं बसवलेलं असणार.

रॉड अ‍ॅक्च्युएटर लिव्हरच्या आतल्या भोकात घेतला तरी तोच फायदा. बिनलोड ते फुल लोड अ‍ॅक्च्युएटरचा निदान दोन तृतीयांश फेर वापरला जायला हवा. २५ अंशांचा असेल तर १६-१७. सात-आठ अंशांतच काम होत असेल, तर कुठलाच गेन बसणार नाही.

सेट बंद करून रॉड सोडा आणि पंपाचा लिव्हर बोटाने हलवा. अडकता कामा नये. बॉल जॉइंटमध्ये खडखड लागली तर आधी तो बदला.

पाऊणफेरा: वरचं झाल्यावर पिकअप, म्हणजे स्पीड मोजणारा सेन्सर. इंजिन बंद असताना फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरचा दात बरोबर पिकअपसमोर आणा, टेकेपर्यंत आत घ्या, मग पाऊण फेरा मागे. पिकअपच्या आट्यांची पिच १.५ मिमी असेल तर ही गॅप साधारण १.१ मिमी होते. स्टार्टर फिरताना निदान १ व्होल्ट एसी मिळायला हवा. ११८ दातांच्या गिअरवर १५०० ला २९५० हर्ट्झ दिसतील. पिकअपच्या केबलची शील्ड (तारांवरची धातूची जाळी) फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर अ‍ॅक्च्युएटर बारीक थरथरतो आणि ते हंटिंगच वाटतं.

मग ट्यूनिंग. इंजिन गरम, ओव्हरस्पीड ट्रिप (स्पीड फार वाढला तर इंजिन बंद करणारी) तपासलेली, सेट एकटाच चालतो म्हणून ड्रूप शून्य. गेन हळूहळू वाढवा. हेलकावे सुरू झाले की थांबेपर्यंत मागे घ्या, आणि वर आणखी १/८ फेरा मागे. स्टॅबिलिटीचंही तसंच. तुमचे सहा-सात सेकंद बहुतेक स्टॅबिलिटी फार कमी असल्यामुळे लागतात. वाढवण्याची दिशा कंट्रोलरच्या शीटवर बघून घ्या. शेवटी निम्मा लोड एका झटक्यात टाकून काढा. एक-दोन विझत जाणारे हेलकावे चालतील.

क्रँकशाफ्ट: रॉड आतल्या भोकात घेतला, पण आता अ‍ॅक्च्युएटर पूर्ण फिरूनही रॅक फुल लोडपर्यंत पोचत नाही.

रॅकआणिरॉड: मग पंपाच्या लिव्हरवरही एक भोक आत या आणि रॉडची लांबी पुन्हा जुळवा. दोन्ही टोकांना जागा पुरायला हवी: बिनलोडच्या खाली स्टॉपपर्यंत आणि फुल लोडच्या वर थोडी. तरीही हंटिंग राहिलं तर बिनलोड चालू असताना लिव्हर हाताने जागच्या जागी धरा, डिझेल वाढायच्या बाजूला मुळीच ढकलू नका. धरल्यावरही स्पीड हलत असेल तर दोष गव्हर्नरचा नाही. लाइनमधली हवा काढा, फिल्टर बघा.