जीन आर्थरचे सिनेमे कुठून बघायला घेऊ? आणि तिनं काम इतक्या लवकर का थांबवलं?

रानजाई:
गेले काही महिने जुने अमेरिकन ब्लॅक अँड व्हाईट सिनेमे बघायचा नाद लागलाय. सुरुवात 'इट हॅपन्ड वन नाईट'नं झाली, कारण आपला 'चोरी चोरी' आणि नंतरचा 'दिल है के मानता नहीं' दोन्ही त्याच्यावरूनच आलेत हे ऐकून होते, आणि मग एकातून दुसरा असं चालूच राहिलं. ह्या ज्या स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात ना, भराभर बोलणारी बाई, गांगरलेला पुरुष आणि घोटाळ्यावर घोटाळे, त्यातल्या नायिका मला भयंकर आवडायला लागल्यात. कॅरोल लोम्बार्ड, आयरीन डन, क्लॉडेट कोलबेअर सगळ्याच भारी. पण परवा १९३६ चा 'मिस्टर डीड्स गोज टू टाऊन' बघितला आणि त्यातली जीन आर्थर काही डोक्यातून जाईना. तिचा तो आवाज, मध्येच घोगरा मध्येच चिरका, आणि ती गॅरी कूपरकडे बघत असते तेव्हा आतून अपराधी वाटतंय हे एक शब्द न बोलता कळतं.
तर दोन प्रश्न आहेत. हिचे अजून कुठले सिनेमे बघू, आणि कुठल्या क्रमानं? आणि दुसरं म्हणजे १९४४ नंतर तिचे फक्त दोनच सिनेमे दिसतायत, इतकं चांगलं चाललेलं असताना असं का झालं?

जुना_पडदा:
डीड्सपासून सुरू केलंत हे बेस्ट, कारण तिचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते तिथूनच. तो रोल आधी कॅरोल लोम्बार्डला दिलेला, शूटिंग तोंडावर आलेलं असताना ती 'माय मॅन गॉडफ्री' करायला निघून गेली आणि दिग्दर्शक फ्रँक काप्राला घाईघाईत दुसरी हिरॉईन शोधावी लागली. पण जीन आर्थर तेव्हा नवखी अजिबात नव्हती. जन्म १९०० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गचा, मूळ नाव ग्लॅडिस ग्रीन. १९२३ पासून सिनेमात, म्हणजे मूकपटांपासून. पॅरामाउंट स्टुडिओनं तिला वर्षानुवर्षं सोज्वळ, गोड, काही करायलाच नसलेल्या मुलींचे रोल दिले आणि अर्थातच कुणाच्या लक्षात राहिली नाही. तिथलं संपल्यावर ती सरळ न्यूयॉर्कला जाऊन नाटकांत काम करायला लागली, आणि परत आली ती वेगळीच नटी होऊन. माझं तर ठाम मत आहे की तिचं टायमिंग घडलं ते स्टेजवर. १९३५ चा 'द होल टाऊन्स टॉकिंग' मिळाला तर बघाच, जॉन फोर्डचा आहे, एडवर्ड जी. रॉबिन्सनचा डबल रोल, एक गुंड आणि एक भित्रा कारकून, आणि त्या कारकुनाच्या ऑफिसातली कुणालाच न घाबरणारी मुलगी म्हणजे ही.
मला ती बाकीच्यांपेक्षा जवळची का वाटते सांगतो. स्क्रूबॉलच्या नायिका बघा, बऱ्याचशा श्रीमंत बापाच्या लाडावलेल्या पोरी, 'इट हॅपन्ड'मध्ये तेच, 'गॉडफ्री'त तेच. जीन आर्थर मात्र जवळजवळ कायम नोकरी करणारी. डीड्समध्ये पेपरची रिपोर्टर, 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये सिनेटरच्या ऑफिसातली सेक्रेटरी, १९४१ च्या 'द डेव्हिल अँड मिस जोन्स'मध्ये मोठ्या दुकानातली बुटांच्या विभागातली सेल्सगर्ल, आणि दुकानाचा मालकच तिथे वेषांतर करून तिच्या हाताखाली काम शिकतोय. मंदीत भाजून निघालेल्या प्रेक्षकांना पगार गेला तर काय होतं हे सांगायला लागत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.
ह्या सगळ्याचा अर्क म्हणजे १९३७ चा 'ईझी लिव्हिंग', दिग्दर्शक मिचेल लायसन, पटकथा प्रेस्टन स्टर्जेसची. बँकर नवरा बायकोवर चिडून तिचा महागडा फरकोट गच्चीवरून खाली भिरकावतो, तो उघड्या डबलडेकर बसमधून ऑफिसला निघालेल्या हिच्या डोक्यावर येऊन पडतो. झालं, तिथून सुरू. कोट कुठून आला म्हणून ऑफिसवाले संशय घेऊन नोकरीवरून काढतात, आणि दुसरीकडे हॉटेलवाला समजतो की ही बँकरची खास मैत्रीण आहे म्हणून राजेशाही सुइट देतो. अंगावर फरकोट, राहायला महाल, आणि जेवायला पैसे नाहीत. मग ती ऑटोमॅटमध्ये जाते, म्हणजे नाणं टाकलं की काचेचं छोटं दार उघडून खाणं मिळणारं हॉटेल, आणि तिथे एकदम सगळीच दारं उघडतात आणि लोक फुकट खाण्यावर तुटून पडतात, आजूबाजूला नुसता राडा. हे आधी बघा, मग बाकीचं.

मंदार_पी:
सगळं मान्य पण 'द मोअर द मेरियर' कसा राहिला?? १९४३ चा, जॉर्ज स्टीव्हन्सचा. तिला ऑस्करचं नॉमिनेशन आयुष्यात एकदाच मिळालं ते ह्यासाठी. युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये माणसं इतकी येऊन पडलेली की भाड्यानं खोली मिळेना, म्हणून ही आपला अर्धा फ्लॅट देशसेवा म्हणून भाड्यानं द्यायचं ठरवते, तिला बाई हवी असते पण म्हातारा चार्ल्स कोबर्न घुसतो आणि तो आपल्या अर्ध्यातला अर्धा परस्पर जोएल मॅक्रीला देऊन टाकतो. सकाळी कोण कधी बाथरूममध्ये जाणार, कॉफी कधी, ह्याचं मिनिटामिनिटाचं टाईमटेबल ती त्या म्हाताऱ्याला समजावते तो सीन मी कितीदा बघितलाय, आणि तो म्हातारा ते पाळायला जातो तेव्हा जे होतं ते विचारू नका. कोबर्नला ह्याच्यासाठी सहायक नटाचं ऑस्कर मिळालं.
पण खरा सीन पायऱ्यांवरचा. रात्री दोघं घरी चालत येतात, पायरीवर बसतात, मॅक्रीचे हात तिच्या खांद्यावर मानेवर फिरतायत आणि ती ते बाजूला सारत आपल्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल, तो कसा स्थिर माणूस आहे वगैरे, बोलतेच आहे. हळूहळू आवाज ढळायला लागतो, वाक्यं तुटायला लागतात, तरी विषय सोडत नाही. आणि शेवटी तीच त्याचा चेहरा हातात घेऊन किस करते. विनोदी पण आणि रोमँटिक पण, दोन्ही एकाच वेळी, त्या सेन्सॉरच्या जमान्यात. इतकं धीट काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही.

अनघा_वि:
रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. लोक सरसकट सांगतात की ती लाजाळू होती म्हणून सोडलं. मला ते अर्धंच वाटतं.
भीती खरी होती, त्यात शंका नाही. काप्रानं आत्मचरित्रात लिहिलंय की शॉटच्या आधी ती मेकअप रूममध्ये जाऊन अक्षरशः ओकायची, ओढून आणावं लागायचं, आणि कॅमेरा सुरू झाला की जणू दुसरीच बाई उभी राहायची, शॉट संपला की परत तशीच. चेहऱ्याबद्दलही इतकी धास्ती की शक्यतो डाव्या बाजूनंच घ्या असा आग्रह. मुलाखती टाळायची, पार्ट्यांना जायची नाही.
पण हीच बाई कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन ह्याच्याशी वर्षानुवर्षं भांडली. तो माणूस किती दांडगट होता हे हॉलिवूडला माहीत होतं. न पटणारा रोल ती नाकारायची, मग स्टुडिओ सस्पेंड करायचा, घरी बसायची पण वाकायची नाही. १९४४ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती सुटली. मनाविरुद्ध कॅमेऱ्यासमोर उभं करणारं कुणी उरलं नाही तेव्हा तिनं निवडून काम केलं, एक बिली वाइल्डरचा 'अ फॉरेन अफेअर' १९४८ मध्ये, मार्लीन डीट्रिकसमोर, आणि मग १९५३ चा 'शेन'. मला तर ह्यात हार दिसत नाही.
दुखरी गोष्ट आहे ती नाटकाची. 'बॉर्न यस्टरडे' ब्रॉडवेवर यायच्या आधी बाहेरगावी प्रयोग चालू होते तेव्हा ती त्यातून बाहेर पडली, तब्येतीचं कारण होतं, आणि तो रोल ज्युडी हॉलिडेला मिळाला, पुढे सिनेमा झाला त्यात ज्युडीला ऑस्करही. पण १९५० मध्ये तिनंच ब्रॉडवेवर पीटर पॅन, म्हणजे कधीच मोठा न होणारा मुलगा, केला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कॅप्टन हुकच्या रोलमध्ये चक्क भयपटांतला बोरिस कार्लोफ, आणि तो जोरात चालला. ते वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. नंतर १९६६ ला टीव्ही सिरियल केली ती लगेच बंद पडली, मग व्हासार कॉलेजात नाटक शिकवलं, आणि कार्मेलला समुद्राकाठी राहिली, १९९१ ला गेली.

रानजाई:
बापरे, कुठून कुठे! सगळ्यांना खूप धन्यवाद. सस्पेंड होऊनही वाकली नाही हे वाचून तर अजूनच आवडायला लागली. काल रात्री 'ईझी लिव्हिंग' बघितला, ऑटोमॅटच्या सीनला एवढ्या गदारोळात ती शांतपणे खात बसलेली आहे, मी मोठ्यानं हसले. हॉवर्ड हॉक्सचा 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' पण यादीत घालू का? कॅरी ग्रँट आहे म्हणून विचारतेय.

जुना_पडदा:
घाला, पण नंतर. १९३९ चा तो, विमानांचा सिनेमा आहे, स्क्रूबॉल नाही. हॉक्सला तिच्याकडून एक वेगळाच मादक, बेफिकीर अंदाज हवा होता आणि तिनं तसं करायला नकार दिला. हॉक्सनं नंतर सांगितलंय की पुढे त्याच्याच सिनेमातलं लॉरेन बॅकॉलचं काम बघून ती स्वतः त्याच्याकडे गेली आणि म्हणाली की तुला काय हवं होतं ते मला आत्ता कळलं. मला विचाराल तर तिनं केलं तेच बरोबर होतं, तो अंदाज तिचा नव्हताच. म्हणून क्रम असा ठेवा, आधी 'मोअर द मेरियर', मग 'डेव्हिल अँड मिस जोन्स', मग 'द टॉक ऑफ द टाऊन', त्यातही कॅरी ग्रँट आहेच, शिवाय रोनाल्ड कोलमन, आणि दोघांच्या मध्ये ही. हॉक्सचा त्यानंतर. 'शेन' सगळ्यात शेवटी, तिचा एकमेव रंगीत सिनेमा, आणि त्यात विनोदाचं काहीच नाही.