सेसनावाले नव्हे, जेटवाले

अमेरिकेत खाजगी वैमानिक एटीसी (विमानांना वाट दाखवणारं हवाई वाहतूक नियंत्रण) फुकट वापरतात आणि भुर्दंड प्रवाशांना, हे नेहमीचं म्हणणं अर्धंच खरं. प्रवासी तिकिटावर साडेसात टक्के कर भरतो, सेसनावाला (म्हणजे छोटं पंख्याचं विमान हौसेने उडवणारा) पेट्रोलवर गॅलनमागे 19.3 सेंट, जमा एकाच निधीत. शिवाय स्वच्छ हवेत डोळ्यांनी बघत उडणारा नियंत्रकाशी बोलेलच असं नाही.

खरी मेख खाजगी जेटची. न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरो विमानतळावरून निघालेल्या जेटमागे नियंत्रकाला जवळपास बोइंगइतकीच मेहनत, पण मालक स्वतःपुरतं उडवत असेल तर देतो गॅलनला 21.8 सेंट, बस्स. युरोपात मार्गशुल्क अंतरावर आणि वजनाच्या वर्गमुळावर ठरतं (वजन चौपट, तर शुल्क दुप्पट), दोन टनांखालच्यांना माफी. अमेरिकेत असं शुल्क लावायची गोष्ट निघाली की जेटवाले सेसनावाल्यांना पुढे करतात, असं आपलं माझं मत.