अनुभव धागा: माद्रिदमध्ये कुठल्या प्रांताचं जेवलात?

मंडळी, स्पॅनिश जेवण म्हटलं की आपल्याकडे गप्पा पाएया (पसरट कढईतला भात) आणि सांग्रिया (फळं घातलेली वाइन) यांपाशीच थांबतात. खरं तर तिथे दर प्रांतागणिक चूल बदलते. माद्रिदचं मोठेपण असं की गालिसिया, आस्तुरियास, आंदालुसियाहून पोटापाण्यासाठी आलेल्यांनी इथे आपापल्या खानावळी थाटल्या. म्हणून कुठेही शिरले की मी आधी विचारते, मालक मूळचे कुठले? ते कळलं की काय मागवायचं याचा निम्मा निकाल लागतो. तुमचे अनुभव लिहा. जागेचं नाव, पदार्थ आणि वेळही द्या, कारण तिथे वेळ चुकली तर जेवणच चुकतं.

सुरुवात खुद्द माद्रिदच्या कोसिदोने करते. काबुली चणे, कोबी, बटाटा, गाजर, मांस, चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) हे सगळं तासन्‌तास एकत्र शिजतं. राजवाड्याजवळच्या ‘ला बोला’मध्ये (सुरुवात १८७०) प्रत्येकाचं वेगळं मडकं ओकच्या कोळशावर ठेवतात. आधी त्यातला रस्सा बारीक शेवयांवर ओततात, मग चणे-भाज्या आणि मांस ताटात येतं. हे दुपारचं आणि थंडीतलं जेवण आहे. संध्याकाळी दुसरं काही खायचं ठरवू नका.

माद्रिदमध्ये नोकरी करणारा, मूळ मालवणचा

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात एवढी ताजी मासळी मिळते यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. मेर्कामाद्रिदचा मासळीबाजार जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत मोडतो. इथला बराच माल खाडीकाठच्या गालिसियातून रातोरात येतो.

गालिसियन खानावळीत मी पुल्पो, म्हणजे ऑक्टोपस, मागवतो. तो उकडून कात्रीने कापतात आणि लाकडी ताटलीत वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि पिमेंतोन, म्हणजे लाल मिरचीची पूड, घालून देतात. मसाला एवढाच. आमच्या तिरफळ-खोबऱ्यावर वाढलेल्या जिभेलाही तो पुरतो, कारण मासळी उत्तम असते. नीट शिजलेला पुल्पो मऊ असतो आणि तरी दाताला किंचित अडतो. रबरासारखा लागला तर त्या जागी पुन्हा जाऊ नये.

घाईत असाल तर प्लाझा मायोरच्या आसपासच्या गल्ल्यांत तळलेल्या माकुलाचं (स्क्विडचं) बोकादियो खा. लांबट पाव, आत माकुलाची वेटोळी, बास. सोल चौकाजवळच्या ‘कासा लाब्रा’त बाकालाव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, पिठात घोळून तळून मिळतो. जागा १८६०ची आहे. १८७९ साली स्पेनच्या समाजवादी कामगार पक्षाची स्थापना इथेच झाली. लोक उभ्यानेच खातात, आणि तेच बरं, कारण बहुतेक ठिकाणी काउंटरवर खाणं फुटपाथवरच्या टेबलापेक्षा स्वस्त पडतं.

शाकाहारी आईवडिलांना घेऊन गेलेली

हे सविस्तर लिहिते, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे किंवा टूना घातलेला पदार्थही त्यात बसतो असं अनेक जण मानतात. ‘नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो’ (मांस, हामोन, मासे काहीच नको) असं पूर्ण म्हणायचं. मसूर, वाटाणे, आर्टिचोक यांत हामोन किंवा चोरिसो हमखास सापडतो. कोर्दोबाचं साल्मोरेखो, म्हणजे पाव घालून दाट केलेलं थंड टोमॅटोचं सूप, त्यावरही हामोन भुरभुरवतात. आधीच नको म्हणा.

बाबांना मालागाकडचं आहोब्लांको फार आवडलं: बदाम, लसूण, पाव, व्हिनेगर यांचं पांढरंशुभ्र थंड सूप आणि वर द्राक्षं. आईला तळलेली वांगी काकवीसारख्या पाकासोबत, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या (बहुतेक सौम्य, एखादी झणझणीत) आणि ला मांचाचा पिस्तो, म्हणजे परतून शिजवलेल्या मिश्र भाज्या. पिस्तोवर अंडं येतं, तेही नको सांगता येतं. अंडं चालत असेल तर मालासान्या भागातल्या ‘बोदेगा दे ला आर्दोसा’ची बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) चुकवू नका, मधे ओलसर असते.

वालेन्सियात राहिलेली

माद्रिदमध्ये दारात रंगीत फोटोंची पाटी लावून पाएया विकणारी जागा दिसली तर पुढे चला. वालेन्सियातली पाएया कोंबडी, ससा, चपट्या शेंगा आणि मोठे पांढरे दाणे यांची. चोरिसोचं तिथे नाव काढू नका. ती दुपारीच खातात, बहुधा किमान दोघांसाठीच करतात आणि मागवल्यावर वाट बघावी लागते. भात पातळ थरात शिजतो आणि खाली खरवड धरते. त्या खरवडीसाठी भांडण होणं हीच चांगल्या पाएयाची खूण. माद्रिदमध्ये खायचीच तर खास भाताच्या खानावळीत, आधी टेबल राखून.

विद्यार्थी, कमी खर्चात

मेनू देल दिया! पहिला पदार्थ, दुसरा, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय मिळून साधारण १३ ते १७ युरो. बहुतेक करून कामाच्या दिवशी दुपारीच. ऑफिसवाल्यांची गर्दी असेल तिथे शिरा. मिगास दिसले तर घ्या, शिळ्या पावाचा लसूण-पिमेंतोन घालून परतलेला चुरा. फोडणीच्या पोळीची आठवण येणारच. मांस असतं, विचारून घ्या.

मित्रांसोबत ‘कासा मिंगो’ला जातो. १८८८ची आस्तुरियन जागा: भाजलेली कोंबडी, काब्रालेस चीज आणि घरची सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू. शेजारीच चित्रकार गोयाने रंगवलेलं छोटं चर्च आहे, आधी ते बघून घ्या.

धागाकर्ती

ऑगस्टबद्दल विचारणाऱ्यांसाठी: त्या महिन्यात अनेक कौटुंबिक खानावळी सुट्टीवर असतात, फोन करूनच निघा. दुपारी दोनच्या आत आणि रात्री नवाच्या आत गेलात तर टेबल सहज मिळतं. लहान मुलं सोबत असतील तर मधल्या वेळी तोर्तियाचा तुकडा किंवा ‘सान खिनेस’मधले चुर्रोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) आणि चॉकलेट. बास्क पिंचोसबद्दल (पावावर मांडलेल्या छोट्या घासांबद्दल) अजून कोणीच लिहिलेलं नाही, बिल्बाओ-सान सेबास्तियानवाले कुठे आहेत?