८ वॉटचा ट्यूब अँप आणि टॉवर स्पीकर: जोडी जमवायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मित्र कायमचा परदेशी गेला, जाताना त्याचा ३००बी व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब) सिंगल-एंडेड अँप, म्हणजे आवाजाची पूर्ण लहर एकाच व्हॉल्व्हने पेलायची रचना, मी विकत घेतला. चॅनेलमागे ८ वॉट. मागच्या बाजूला ४ ओहम आणि ८ ओहम अशी वेगळी टर्मिनल्स आहेत. स्पीकर माझे आधीचेच, टॉवर. प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर (खालच्या स्वरांचे), एक ट्वीटर (वरच्या स्वरांचा), मागे पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा बाहेर यायचं भोक. माहितीपत्रकावर ८८ डेसिबल आणि ४ ओहम असं लिहिलंय. आधी यांना ८० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप होता आणि तक्रार काही नव्हती.

हॉल ११ बाय १६ फूट, सोफा स्पीकरपासून साधारण १० फुटांवर. खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार. ऐकणं बहुतेक हिंदुस्थानी कंठसंगीत, त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी, अधूनमधून पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा.

अडचण अशी की मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरीताई लावल्या की हा अँप सोडवत नाही. गळा समोर येऊन बसतो, तानपुऱ्याची जवारी शेवटपर्यंत ऐकू येते. पण डग्गा फुगतो. विलंबितात चालून जातं, द्रुत लय आली की ठेका सैल वाटायला लागतो. ऑर्केस्ट्रा भरात आला की सगळी वाद्यं एकमेकांत मिसळून दबल्यासारखी होतात. नॉब पाऊण फिरवावा लागतो ते वेगळंच. सध्या ८ ओहमच्या टर्मिनलवर जोडलंय, कारण तिथे आवाज मोठा येतो.

स्पीकर बदलू का? बदलायचे तर टॉवरच हवेत (स्टँडवरचे स्पीकर घरातल्या छोट्या पाहुण्यांच्या हाताशी येतात). वापरलेले चालतील, बजेट दोन लाखांपर्यंत. दुकानदार म्हणतो "९० डेसिबलच्या वरचं काहीही घ्या", पण एवढ्यावर पैसे टाकायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ८ वॉटवर टॉवर चालत नाहीत. तो अँप शोकेसमध्ये ठेवा, संध्याकाळी दिवे छान दिसतील, आणि ट्रान्झिस्टर परत लावा. दोन लाख वाचले.

धागाकर्ता

राग नाही. पण ट्रान्झिस्टर घरात आहेच, दोन्ही आलटून पालटून ऐकूनच विचारतोय.

प्रतिसाद २

प्रतिसाद १ शी असहमत. पाश्चात्त्य देशांत १९३० च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकचे याच कुळातले ८-१० वॉटचे अँप सिनेमागृहं भरत होते. पडद्यामागे भलेमोठे हॉर्न, म्हणजे भोंग्याचे स्पीकर, होते म्हणून ते जमलं. तेव्हा वॉट किती हा अर्धाच प्रश्न झाला, एका वॉटमागे स्पीकर किती बोलतो हा उरलेला अर्धा.

तुमच्या स्पीकरचे ८८ डेसिबल बघू. हा आकडा बहुतेक वेळा २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये मात्र तेवढ्याच व्होल्टला २ वॉट जातात. म्हणजे वॉटमागे तुमचा स्पीकर ८५ चा. ट्रान्झिस्टर अँपला याचं सोयरसुतक नसतं, तो ४ ओहमला जास्त करंट सोडून मोकळा होतो. तुमच्याकडे वॉट मोजून मापून आहेत, म्हणून इथे हे ३ डेसिबल टोचतात.

पुढचा हिशेब तोंडी होतो. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. ८ वॉट म्हणजे १ वॉटच्या वर ९ डेसिबल. ८५ अधिक ९ म्हणजे ९४, एक मीटरवर, एका स्पीकरचे. दोन स्पीकरचे ३ धरा, १० फुटांवर बसल्याचे ५-६ वजा करा (मोकळ्या मैदानात जास्त गेले असते, खोलीत भिंती थोडे परत देतात). सोफ्यावर ९१-९२ उरले, तेही अँप पूर्ण ताणल्यावर. गाणं सरासरी ७५ वर ऐकत असाल तर तबल्याची थाप आणि तार सप्तकातली पुकार सहज १५ डेसिबल वर उडी मारते. म्हणजे गाणं जेमतेम मावतं. ऑर्केस्ट्राची उडी आणखी उंच, ती मावत नाही. तुम्ही जे ऐकताय ते हेच आहे.

खरेदीला जाण्याआधी मोजून बघा ना. १२० हर्ट्झचा, पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला टोन मिळतो. ज्या रेकॉर्डिंगला सगळ्यात मोठा आवाज लावता त्याला नॉब लावा, मग नॉबला हात न लावता त्याच सोर्सवरून (प्लेअरवरून) तो टोन वाजवा आणि साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्टवर स्पीकरच्या टर्मिनलपाशी मोजा. आलेल्या व्होल्टला चारने गुणा (१२ डेसिबल खाली म्हणजे व्होल्ट एक चतुर्थांश), वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. तेवढे वॉट तुम्हाला खरोखर लागतात.

प्रतिसाद ३

वरचा हिशेब बरोबर आहे, पण डग्गा का फुगतो ते त्यात येत नाही. ते वॉटचं काम नव्हे, इम्पीडन्सचं, म्हणजे ओहममध्ये मोजतात त्या विजेच्या अडथळ्याचं.

'४ ओहम' हा स्पीकरचा एक कायम आकडा नसतो. पोर्टवाल्या स्पीकरचा आलेख काढला तर खालच्या पट्टीत दोन डोंगर दिसतात, त्यातला वरचा साधारण ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे इम्पीडन्स २० ओहमपर्यंत सहज जातो, आणि पुढे दरीत ३ च्या जवळ उतरतो. दोन वूफर समांतर जोडलेले टॉवर हमखास असे.

आता फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारायची सोय) नसलेल्या ३००बी अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ८ ओहमच्या टर्मिनलवर २ ते ३ ओहम असतो. ट्रान्झिस्टरचा जवळजवळ शून्य. अँपचे अडीच ओहम आणि स्पीकरचे ओहम यांच्यात व्होल्टेज वाटलं जातं. जिथे स्पीकर २० ओहम तिथे जवळपास नव्वद टक्के त्याला मिळतं, जिथे ३.२ तिथे छप्पन्न टक्के. फरक ४ डेसिबल. म्हणजे तुमच्या अँपने न सांगता बासचं बटण फिरवलंय, आणि डग्ग्याची घुमक नेमकी त्याच भागात असते. शिवाय वूफरचा पडदा आवरायला अँपची पकड ढिली, म्हणून घुमक लांबते.

फुकटचा उपाय: ४ ओहमच्या टर्मिनलवर जोडा. तिथे आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा होतो, तोच फरक सव्वादोन-अडीच डेसिबलवर येतो. त्याच नॉबला आवाज थोडा कमी वाटेल, पण व्हॉल्व्हला योग्य लोड मिळेल आणि वॉट अंगी लागतील. वायर बदलताना अँप बंद. स्पीकर न जोडता ट्यूब अँप कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हे तुम्हाला माहीत असेल, पण धागा नवखेही वाचतात.

आणि टॉवर भिंतीपासून थोडे पुढे ओढा. मागे पोर्ट आहे म्हणालात.

धागाकर्ता

प्रतिसाद २ आणि ३, दोघांचेही मनापासून आभार. दुकानात इतकं कुणी सांगितलं नव्हतं.

४ ओहमवर जोडलं. डग्गा बराच ताळ्यावर आला, पूर्ण नाही. वायर बदलल्या आहेत हे घरच्यांना माहीत नव्हतं, तरी "आज तबला वेगळा वाटतोय" असं ऐकायला मिळालं.

मोजलंसुद्धा. रोजच्या गाण्याच्या पातळीवर १.३ व्होल्ट आले. गुणिले चार ५.२, वर्ग २७, भागिले ४ म्हणजे पावणेसात वॉट. ऑर्केस्ट्राच्या पातळीवर १.९ व्होल्ट, त्याचे होतात साडेचौदा वॉट. म्हणजे गाणं ८ वॉटमध्ये बसतं आणि ऑर्केस्ट्रा बसत नाही, कानाला वाटत होतं तसंच.

मग स्पीकर बदलायचेच ठरलं. कुठले बघू? आणि 'हाय सेन्सिटिव्हिटी' (कमी वॉटला जास्त आवाज देणारे) म्हणून जे विकतात त्यांच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

प्रतिसाद ४

आकड्यांतून ३-४ डेसिबल मनातल्या मनात कापा. काही कंपन्या खोलीच्या भिंतींची मदत धरून आकडा छापतात. परदेशी मासिकांनी मोजलेले इम्पीडन्सचे आलेख नेटवर सापडतात, ते आधी बघा. ९१ डेसिबलचा, पण ६ ओहमच्या खाली न उतरणारा स्पीकर हा ९४ छापून ३ ओहमला लोळण घेणाऱ्यापेक्षा तुमच्या अँपला परवडतो.

क्लिप्शच्या हॉर्नवाल्या हेरिटेज मालिकेत हेरसी आणि फोर्ते दोन्हींना कंपनी ९९ डेसिबल सांगते. हेरसी गुडघ्याएवढाच असतो, तिरक्या पायावर जमिनीवर ठेवायचा. आवाजाला जिवंतपणा खूप, पण अगदी खालचा बास नाही. फोर्तेच्या पाठीला १५ इंची पॅसिव्ह रेडिएटर (वीज न जोडलेला, हवेने हलणारा पडदा) आहे, बास जास्त आणि किंमतही जास्त. तुमच्या घरात टाइल्स आणि काच आहे, तिथे हॉर्नचा ट्वीटर हार्मोनियमवर टोचू शकतो. विकत घेण्याआधी हार्मोनियमच्या साथीचं गाणं वाजवून बघाच. विक्रेते नेहमी गिटार वाजवून दाखवतात.

टॅनॉयचे ड्युअल कॉन्सेन्ट्रिक, म्हणजे वूफरच्या पोटात ट्वीटर. ही रचना १९४७ पासूनची. त्यांच्या लेगसी मालिकेत चेव्हियट ९१ आणि आर्डेन ९३ डेसिबलचे. गायकीसाठी माझं मत यांना. आर्डेन तुमच्या हॉलला मोठा होईल. डेव्होरचा ओ/९३ हा १० ओहमचा, ट्यूबवाल्यांचा लाडका, पण तुमच्या बजेटमध्ये वापरलेला मिळणं अवघड.

प्रतिसाद ५

सुतार ओळखीचा असेल तर दुसरी वाट आहे. फॉस्टेक्सचा ८ इंची फुलरेंज (खालचे-वरचे सगळे स्वर एकाच पडद्यातून), ९६ डेसिबलच्या आसपास, मागून हॉर्न वळवलेल्या खोक्यात. १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड, नेटवर आराखडे भरपूर. क्रॉसओव्हर (वूफर-ट्वीटरला स्वर वाटून देणारं सर्किट) नाहीच, त्यामुळे अँपचा जीव सुखी. गळा अप्रतिम. ऑर्केस्ट्रा मात्र विसरा, आणि वरच्या मधल्या पट्टीत थोडी ओरड असते, ती सगळ्यांना सोसत नाही. सुतार वेळेवर येईल याची हमी मी देत नाही.

प्रतिसाद ६

विषय थोडा बाजूचा. अँप २२० व्होल्टचा आहे का ते बघा. आमच्याकडे दुपारी २४५ दिसतात. अँपमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवायची सोय नसेल तर व्हॉल्व्ह तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ७ वर जातो, व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. ३००बीची जोडी महाग आहे, त्यापुढे चांगला स्टॅबिलायझर स्वस्त.

प्रतिसाद २ (पुन्हा)

नवे स्पीकर मिळेपर्यंत किंवा जुनेच ठेवायचे असतील तर अजून एक. सोर्समधून वेगळी लाइन काढून पॉवर्ड सबवूफर (फक्त खालच्या बासचा, स्वतःचा अँप असलेला स्पीकर) लावा आणि ट्यूब अँपच्या इनपुटला एक छोटा कपॅसिटर सीरिजमध्ये टाका. इनपुट १०० किलोओहमचा असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड पुरे, ७२ हर्ट्झच्या खालचं अँपकडे जाताना उतरत जातं. खालच्या बासचं ओझं सबवूफर उचलतो, ८ वॉट गळ्यासाठी राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असा कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतो. तो इनपुटच्या वायरीच्या आरसीए प्लगच्या आत किंवा वेगळ्या डबीत बसवा, अँप उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या घरातला डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरलेला असू शकतो.

धागाकर्ता

स्टॅबिलायझरचं लगेच बघतो, आमच्याकडेही रात्री उशिरा २४० च्या वर जातं.

सबवूफरचा मार्ग हुशारीचा आहे, पण हॉलमध्ये अजून एक खोकं आणायची परवानगी मला मिळणार नाही. फुलरेंजचा मोह झाला होता, ऑर्केस्ट्रा विसरा म्हटल्यावर ओसरला.

वापरलेला चेव्हियट एकाकडे विकाऊ आहे, आपल्याच शहरात, बजेटला थोडा ताण देऊन बसतो. हेरसीची जोडीही एके ठिकाणी आहे. दोन्हीकडे त्यांचे ट्रान्झिस्टर अँप आहेत. माझा अँप उचलून न्यावा का? वजन जवळपास २० किलो.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

न्यायलाच हवा. ट्रान्झिस्टरवर ऐकून घेतलेल्या स्पीकरबद्दल तुमच्या अँपपुरतं काहीच कळत नाही, वर सगळी चर्चा त्याचीच झाली.

अँप पूर्ण गार झाला की व्हॉल्व्ह काढून मूळ खोक्यात ठेवा, कुठला कुठल्या सॉकेटचा ते आधी लिहून ठेवा. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतात, सगळं वजन तिकडे, उचलताना ती बाजू अंगाशी. गाडीत सीटवर नको, खाली पायांपाशी. तिथे आधी स्पीकरच्या वायरी, मग व्हॉल्व्ह, मग वीज, आणि निदान वीस मिनिटं तापू द्या. चेव्हियट ८ ओहमच्या टर्मिनलवर सुरू करा, मग ४ वर. रेकॉर्डिंग तेच न्या ज्यात घरी डग्गा फुगत होता. मल्टिमीटर आणि तो टोनही खिशात असू द्या, विकणारा हसला तरी.