ईव्हीए या रबरासारख्या लवचीक फोमच्या कवचावरचा रंग वाकवताच तडकतो. रंगाखाली काय लावावे?

पडद्यामागे:
नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या पौराणिक नाटकासाठी १० मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए मॅट कापून छातीचे कवच तयार केले आहे. उरलेल्या तुकड्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात देऊन पाहिले. पहिला हात फोमने शोषून घेतला आणि दुसरा वाळल्यावर तुकडा वाकवताच बारीक भेगा पडल्या. नटाला वाकून धनुष्य उचलायचे आहे, त्यामुळे सोनेरी झळाळी आणि टिकाऊपणा दोन्ही हवे आहेत.

वेशभूषाकार:
रंगाआधी फोमची छिद्रे बंद व्हायला हवीत. घासकाम तोंडाला मास्क बांधून आधीच उरकून घ्यावे आणि मग हवेशीर जागी हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) सतत फिरती ठेवून पृष्ठभाग तापवावा. निस्तेज फोमवर किंचित चकाकी आली की लगेच पुढे सरकावे, कारण उष्णता एकाच जागी राहिली तर फोम आकसतो. कापलेल्या कडा सर्वांत जास्त रंग पितात, म्हणून त्यांवरून हीट गन पुन्हा एकदा फिरवावी.

रंगशाळा:
वरील सूचनेशी सहमत आहे. त्यानंतर पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. हा थर वाळल्यावरही लवचीक राहतो. मात्र ओलाव्याने मऊ पडत असल्याने घाम लागणाऱ्या आतल्या बाजूला तो लावू नये. लांबी (पुट्टी) किंवा प्लास्टर मुळीच वापरू नका, ते वाकतच नाही. वाळलेल्या फेव्हिकॉलवर काळ्या ॲक्रिलिकचा पातळ हात द्यावा आणि ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून सोनेरी रंग हलकेच फिरवावा. खोलगट भागात काळा रंग राहू दिला, की नक्षी शेवटच्या रांगेतूनही उठून दिसते. मुकुट थर्माकोलचा असेल तर त्यावर स्प्रे पेंट थेट मारू नये, कारण त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळतो. ईव्हीएला तसा धोका नसतो.

जुना नेपथ्यकार:
माझ्या मते मूळ प्रश्न रंगाचा कमी आणि बेतण्याचा अधिक आहे. कमरेपाशी जिथे अंग वाकते तिथे कवच अखंड ठेवू नका. आडव्या पट्ट्या कापून त्या एकमेकींवर थोड्या चढवाव्यात आणि आतून रुंद इलॅस्टिकला रबरी सोल्यूशनने चिकटवाव्यात. मग वाकताना पट्ट्या सरकतात, रंगावर ताण येत नाही. पट्ट्या जोडण्यापूर्वीच सुट्या रंगवाव्यात, म्हणजे एकमेकींखाली जाणाऱ्या कडाही कोऱ्या राहत नाहीत. फक्त चिकटवायची जागा रंगाविना ठेवावी.