ब्राऊन शुगरची पाण्यातली परीक्षा आणि पाकिटावरची घटकांची यादी

ब-३०२ : सर्वांना नमस्कार. काल आणलेली ब्राऊन शुगर मी दोन चमचे घेऊन काचेच्या पेल्यात थंड पाण्यात टाकली. मिनिटभरात पाणी तपकिरी झाले आणि तळाशी राहिलेले दाणे जवळजवळ पांढरे दिसू लागले. साध्या साखरेला रंग लावून ती विकली आहे, असा माझा समज झाला आहे. पाकीट परत करावे का, हे माहितगारांनी कृपया सांगावे.

अ-१०४ : ताई, एवढ्यावरून भेसळ ठरवू नये. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. साखरेचा दाणा तयार होतो तेव्हा तो मुख्यतः सुक्रोजचाच, म्हणजे रंगहीन शुद्ध साखरेचाच असतो. रंग, वास आणि ओलसरपणा ज्या मळीत (साखर काढल्यावर उरणारा दाट काळपट पाक, म्हणजेच मोलॅसिस) असतो, ती मळी बहुतांशी दाण्याच्या अंगावर पातळ थर होऊन बसते. त्यामुळे चांगल्या प्रतीची, मुळातच तपकिरी राखलेली साखरसुद्धा पाण्यात आधी रंग सोडते आणि मागे फिकट दाणे उरतात. ही परीक्षा सगळीकडे फिरत असते, पण तिच्या भरवशावर दुकानदाराला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

खरी माहिती पाकिटाच्या मागच्या बाजूस असते. तेथे ‘साखर, मोलॅसिस’ असे लिहिले असेल, तर पांढऱ्या साखरेत मळी परत मिसळलेली आहे असे समजावे. ही मान्य पद्धत आहे. फिकट प्रकारात साधारण ३.५ टक्के आणि गडद प्रकारात साधारण ६.५ टक्के मळी असते. यादीत कॅरॅमल रंग किंवा त्याचा १५०ए ते १५०डी यांपैकी एखादा क्रमांक असेल, तर मात्र तो तपकिरीपणा निदान काही अंशी बाहेरून घातलेल्या रंगाचा आहे. काही पाकिटांवर असते ते ‘डेमेरारा’ हे नाव मुळात दक्षिण अमेरिकेतील गयाना देशातल्या एका प्रदेशाचे आहे, परंतु आज ते साखरेच्या प्रकाराला लावले जाते, म्हणून नुसत्या नावावरून माल कोठला हे कळत नाही.

क-५०१ : आमच्याकडे सासूबाईंना मधुमेह आहे आणि ‘ही साखर चालते’ असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. त्यात तथ्य आहे का?

अ-१०४ : नाही, वहिनी, आणि हा गैरसमज मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. १०० ग्रॅम ब्राऊन शुगरमधून सुमारे ३८० कॅलरी मिळतात, पांढऱ्या साखरेतून सुमारे ३८७. कॅल्शियममुळे ती पौष्टिक म्हणावी, तर ते १०० ग्रॅम ब्राऊन शुगरमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास असते खरे, पण चार ग्रॅमच्या चमच्यात ते जेमतेम तीन मिलिग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी असे सांगितले, त्यात हीसुद्धा साखर धरलेली आहे. सासूबाईंचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

ब-३०२ : काका, आता पाकीट उलटून भिंगाने वाचले. यादीत साखर, मोलॅसिस आणि शेवटी १५०डी आहे. समोर मात्र ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक तपकिरी’ असे छापले आहे. पाण्याच्या प्रयोगाचा उल्लेख न करता, या दोन मजकुरांतील विसंगतीबद्दल मी उत्पादकाला लेखी विचारणा करते आणि दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडते.

अ-१०४ : अवश्य करा. पत्रात पाकिटावरील बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीखही लिहा.